गाय खाते, पण अंगी लागत नाही!

दिवाळी अंकात गाईच्या आतड्यावर लेख, आणि तोही मराठी शिकवणाऱ्या बाईनं लिहिलेला, म्हटल्यावर काही वाचक नाक मुरडतील हे मी धरूनच चालते. चिवड्याची बशी जवळ घेऊन अंक उघडून बसलेल्या माणसापुढे शेणाचा विषय काढणं हे तसं रीतीला सोडूनच. पण आपली दिवाळी सुरू होते ती वसुबारसेनं, आणि वसुबारस ही गाय-वासराची. मी सांगणार आहे ती हकिकतही गाय-वासराचीच आहे. शिवाय रोज सकाळी आपल्या चहात पडणारं दूध ज्या गोठ्यातून येतं, तिथं काय चाललं आहे हे शहरातल्या माणसानं वर्षातून एकदा तरी जाणून घ्यायला काय हरकत आहे?

मी राहते ते गोंदियाला. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. मुंबई-हावडा गाडीनं जाताना खिडकीतून पाहिलंत तर दोहोंबाजूंना धानाची बांधी आणि मधून मधून चमकणारं पाणी दिसेल. ते पाणी म्हणजे आमचे तलाव आणि बोड्या. बोडी म्हणजे लहान तलाव. पावसाळ्यात माणूस चिखलात आणि गुरं पाण्याच्या काठी, असा इथला संसार. सकाळी गावची गुरं आखरावर जमतात, ढोरकी त्यांना हाकून नेतो, दिवसभर ती एकत्र चरतात, एकाच बोडीवर पाणी पितात आणि दिवेलागणीला आपापल्या दावणीला परततात. या भागातली कठाणी गाय अंगानं लहान, दुधाला बेताची, पण चिखलाला आणि उन्हाला हार न जाणारी. तिच्या शेजारी आता दुधासाठी कर्ज काढून आणलेली संकरित गाय उभी असते. गाव तेच, आखर तेच, पाणी तेच. पण या नव्या पाहुणीबरोबर गोठ्यात नवा हिशेब आला आणि नवी काळजीही आली.

आमच्याकडे दूध घालणारे भाऊ अशाच एका गाईच्या जिवावर घर चालवत होते. दोन वर्षांमागे त्यांच्या दुधाचं माप कमी कमी होत गेलं. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, खाते त बरोबर. पन अंगाले लागतच नाही." गाय तिसऱ्या वेताची. वैरण, ढेप सगळं वेळच्या वेळी संपवणारी. ताप नाही, खोकला नाही, डोळा स्वच्छ. फक्त शेण पातळ. औषध दिलं की चार दिवस बरं वाटे, पुन्हा तेच. बरगड्या दिसू लागल्या, पाठीचा कणा वर आला आणि शेवटी जबड्याखाली पाण्याची सूज लोंबू लागली. भाऊंच्या घरच्या वहिनी तर म्हणाल्या, कोणाची नजर लागली.

माझा मावसभाऊ पशुवैद्य आहे. त्याच्याकडे मी हा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमच्या तलावांच्या मुलखात अशी गाय दिसली की आम्ही पहिल्यांदा जंतच धरतो." त्याचं म्हणणं खरंच होतं. पाणथळ जागी गोगलगाई असतात, त्यांच्या शरीरात यकृतातल्या चपट्या कृमींची पिल्लं वाढतात आणि गवताबरोबर गुरांच्या पोटात जातात. त्यानंही गाय वाळते, शेण पातळ होतं आणि जबड्याखाली अशीच सूज येते. भाऊंच्या गाईला जंताचं औषध दोनदा झालं. उतार पडला नाही. तेव्हा शेणाचा नमुना काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक तांबड्या काड्यांचे पुंजके दिसले. क्षयाच्या जंतूच्या कुळातलेच, पण हे आतड्यात घर करणारे.

एका जर्मन गाईची गोष्ट

या दुखण्याला आमचे पशुवैद्य ‘जोन्स’ म्हणतात. मला वाटलं, कोणी साहेब असेल. पण नाव आहे योहने, आणि गृहस्थ जर्मन. इंग्रजीच्या तोंडून आपल्याकडे येताना त्यांचा जोन्स झाला. भाषा शिकवणाऱ्या बाईला एवढी नोंद केल्यावाचून पुढं जाववत नाही.

हाइनरिख योहने हे ड्रेस्डेनच्या पशुवैद्यकीय शाळेत प्राध्यापक. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग भागातल्या एका शेतकऱ्याची गाय दूध देईना आणि वाळत चालली. क्षयाची शंका आली, म्हणून ट्युबरक्युलिनची सुई टोचली; काही निघालं नाही. गाय मेल्यावर तिची आतडी ड्रेस्डेनला आली. आतड्याचं अस्तर जाड झालेलं, त्यावर घड्याच घड्या. योहने आणि त्यांच्याकडे आलेले अमेरिकन पाहुणे फ्रॉदिंगहॅम यांनी १८९५ साली त्यात तांबडे जंतू पाहिले आणि हा पक्ष्यांच्या क्षयाचा प्रकार असावा असं लिहिलं. हा स्वतंत्र रोग आहे हे १९०६ साली डेन्मार्कच्या बँग यांनी दाखवलं.

पण जंतू दिसला तरी तो प्रयोगशाळेत वाढेना. लंडनच्या ब्राउन इन्स्टिट्यूशनमधल्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी तर्क केला, की या जंतूला एखादं जीवनद्रव्य स्वतः तयार करता येत नसावं; त्याच्या भाऊबंदांकडून उसनं दिलं तर? त्यांनी क्षयाच्या आणि गवतावरच्या अशाच एका जंतूचे मृत अंश खाद्यात मिसळले आणि १९१०च्या सुमारास हा हट्टी जंतू पहिल्यांदा काचेच्या नळीत वाढला. उसनं लागणारं ते द्रव्य पुढं ‘मायकोबॅक्टिन’ या नावानं ओळखलं गेलं. तरी आजही त्याची वाढ पाहायला आठ ते सोळा आठवडे थांबावं लागतं. एवढ्या वेळात गाय विकली जाते, वासरू मोठं होतं आणि शेण सगळ्या शेतात पसरलेलं असतं.

वेळेचा खेळ

या रोगाची सारी फसवणूक वेळेची आहे. गाईला लागण होते ती ती गाय असताना नव्हे, वासरू असताना. पहिल्या काही महिन्यांत आतड्याची झडप कच्ची असते. शेणानं माखलेले सड चोखताना, चिकातून, दुधातून किंवा ओल्या गोठ्यातलं काही चाटताना जंतू पोटात जातो. आई फार आजारी असेल तर गर्भातच लागण होऊ शकते. मग दोन वर्षं, चार वर्षं, कधी त्याहून अधिक काळ काहीच दिसत नाही. कालवड माजावर येते, गाभण राहते, विते, दूध देते. आणि बाहेरून ठणठणीत दिसत असतानाच तिच्या शेणातून जंतू बाहेर पडू लागतात. रोगानं पुरत्या ग्रासलेल्या गाईच्या एका ग्रॅम शेणात ते लाखांनी असतात. सावलीतल्या शेणामातीत ते वर्षभर तग धरतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी ढोबळ हिशेब मांडला आहे, की कळपात एक गाय उघड आजारी दिसली तर तिच्या मागं लागण झालेली पंधरा ते पंचवीस जनावरं असतात. दिसते ती एकच, बाकीची पाण्याखाली.

यावर औषध नाही. म्हणजे गाय बरी करण्याचा प्रश्नच उरत नाही. प्रश्न आहे तो ओळखण्याचा, आणि वेळेत ओळखण्याचा.

ओळखण्याच्या रीती पुष्कळ आहेत, पण प्रत्येकीला दुखण्याचा एकेकच ऋतू दिसतो. शेण तपासावं तर सुरुवातीला त्यात जंतू अधूनमधूनच येतात. आज आहेत, उद्या नाहीत. १९८९ साली या जंतूच्या आनुवंशिक द्रव्यात पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडा सापडला; त्याच्या आधारानं शेणातला जंतू दिवसांच्या हिशेबात ओळखता येऊ लागला. पण शेणात तो मुळात उतरलेला तर पाहिजे! कातडीत ‘जोनिन’ टोचून तीन दिवसांनी सूज मोजावी, तर क्षयाच्या किंवा दुसऱ्या भाऊबंद जंतूंनीही ती येते. रक्तातली किंवा दुधातली प्रतिद्रव्यं शोधणारी ‘एलायझा’ ही तपासणी स्वस्त आणि सोपी. पण शरीर ही प्रतिद्रव्यं उशिरा तयार करतं. याचं कारण मोठं चमत्कारिक आहे. शत्रूला गिळून मारणाऱ्या ज्या पेशी शरीरानं पहाऱ्यावर ठेवलेल्या असतात, त्यांच्याच पोटात हा जंतू बिऱ्हाड करतो. चोर चौकीतच मुक्कामाला राहिला, तर गावात बोभाटा व्हायचा कसा?

म्हणून गेल्या काही वर्षांत संशोधकांनी शोधाची दिशाच बदलली. जंतूच्या मागं धावण्याऐवजी, जंतू आल्यावर शरीरात पडलेल्या खुणा शोधायच्या. याला ते ‘बायोमार्कर’ म्हणतात. मी आपली ‘खूण’च म्हणते, शब्द साधा आहे आणि अर्थाला पुरेसा आहे. घरात कोणाला मधुमेह असेल तर ही कल्पना तुम्हांला नवी नाही. तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब रक्तातल्या ज्या एका आकड्यावरून डॉक्टर सांगतात, तीही खूणच. माणसाच्या आतड्याला सूज आली तर पांढऱ्या पेशींतलं ‘कॅलप्रोटेक्टिन’ नावाचं प्रथिन विष्ठेत वाढतं, तीही खूण. गाईच्या रक्तात, दुधात, शेणात असंच काही सापडतं का, याचा शोध देशोदेशी चालू आहे. कोणी प्रथिनं मोजतो, तर कोणी रक्तपेशींतली कोणती जनुकं जागी झाली आणि कोणती निजली ते पाहतो. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या ‘नायकर’ या संशोधनसंस्थेनं आतड्यात अगदी बारीक इजा असलेल्या, नेहमीच्या तपासण्यांना चकवणाऱ्या गाई निवडून त्यांच्या रक्तातल्या खुणा शोधल्या. त्यांत ‘एबीसीए-१३’ नावाचं एक प्रथिन आश्वासक ठरलं आहे.

पण यात एक मेख आहे. शरीरात कुठंही दाह झाला की काही प्रथिनं वाढतातच. कासेला सूज आली तरी वाढतात, विल्यानंतर गर्भाशय बिघडलं तरी वाढतात. धूर दिसला म्हणजे काहीतरी पेटलं एवढं कळतं. चूल पेटली की गंजी, हे कळत नाही. तेव्हा खूण अशी हवी, की जी याच दुखण्यात उमटेल, लवकर उमटेल आणि गोठ्यागोठ्यात परवडेल. शिवाय ती खरी ठरली की नाही हे पाहायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. शेवटचा पुरावा आतड्यात असतो, आणि आतडं पाहायला मिळतं ते जनावर गेल्यावरच.

त्यांचा मार्ग आणि आपला

परदेशात काय करतात? स्वीडननं कडक मार्ग धरला: रोग सापडला की तो कळपच काढून टाकायचा. डेन्मार्कनं २००६ पासून मवाळ वाट चोखाळली. ज्या शेतकऱ्यांनी स्वखुशीनं योजनेत भाग घेतला, त्यांच्या गाईंचं दूध वर्षातून अनेकदा तपासायचं आणि गाईंना लाल, पिवळा, हिरवा असे रंग द्यायचे. लाल गाईचं वासरू जन्मताच बाजूला, तिचा चीक वासराला नाही, आणि फार दूषित असेल तर तिची रवानगी खाटिकखान्यात.

हे ऐकायला सोपं. पण आपल्याकडे यातली दोन्ही दारं बंद आहेत. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्यानं गाईची कत्तल करता येत नाही, आणि २०१५ पासून बैल-वळूही त्या कायद्याखाली आले. कायद्याच्या बऱ्यावाईटात मी शिरत नाही. त्यामागच्या भावनेतच मी वाढले आहे. पण आजारी गाईचं करायचं काय, हा प्रश्न त्यामुळं शेतकऱ्याच्या दारात तसाच उभा राहतो. दुसरं दार वासराचं. वासरू आईपासून तोडा म्हणणं सोपं. पण आपली गाय वासरानं तोंड लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही. आपल्या साऱ्या गोठ्याचं शास्त्रच वासरू आईशी बांधलेलं आहे. वसुबारसेला आपण एकटी गाय पुजत नाही, सवत्स धेनू पुजतो. आणि जंतूनं नेमकी तीच वाट धरलेली.

म्हणूनच मला वाटतं, की लवकर दिसणाऱ्या खुणेची गरज डेन्मार्कपेक्षा गोंदियाला जास्त आहे. त्यांना उशिरा कळलं तरी गाय काढून टाकता येते. सगळीच वासरं वेगळी वाढवता येतात. आपल्याला प्रत्येक गाय वेगळी ओळखावी लागणार: या गाईखाली वासरू निर्धास्त सोडावं की नाही? खूण हवी ती गाईला शिक्षा देण्यासाठी नव्हे, तिच्या वासराला वाचवण्यासाठी.

भाऊंच्या गाईचं काय झालं ते सांगायचं राहिलं. तपासणीचा निकाल आला, आणि पुढच्याच आठवड्यात गाय बाजारात गेली. घेणाऱ्याला काही सांगितलं का, असं मी विचारलं. भाऊंनी कॅनचं झाकण लावलं आणि खाली पाहून म्हणाले, "सांगतलं असतं त घेतली असती का कोनी, मॅडम? आन् ठेवली असती त चारू काय?" यावर मला उत्तर सुचलं नाही. कर्जाचे हप्ते त्यांचे होते, माझे नव्हते. पण ती गाय आता कुठल्या गावच्या आखरावर उभी असेल, कुठल्या बोडीवर पाणी पीत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. रोग गावोगाव फिरतो तो असा, कोणाच्या दुष्टाव्यानं नव्हे, नाइलाजानं.

तिची कालवड मात्र घरीच राहिली. आता गाभण आहे. तिचं रक्त तपासलं. काही निघालं नाही. वहिनींना हायसं वाटलं. माझा भाऊ मात्र म्हणाला, "ताई, ‘नाही’ याचा अर्थ ‘अजून दिसत नाही’ एवढाच." असं ‘नाही’ उशाशी घेऊन एखाद्या घरानं किती दिवस झोपायचं?

आपल्या दुधाचं काय?

आता वाचकांच्या मनात आलेला प्रश्न. १९१३ साली स्कॉटलंडच्या डॅल्झील नावाच्या शल्यवैद्यानं माणसाच्या आतड्याचं एक चिवट दुखणं आणि गाईचा हा रोग यांत साम्य दाखवलं होतं. ते दुखणं आज ‘क्रोन’च्या नावानं ओळखतात. या जंतूमुळं ते होतं, हे शंभर वर्षांच्या वादानंतरही सिद्ध झालेलं नाही. तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. पण कच्चं दूध पिण्याचं शौर्यही नको. आपल्या आजी-आयांनी दूध वर येईपर्यंत तापवायची जी सवय लावली, ती याही बाबतीत उत्तम.

आणि गोठ्यात काय करावं? नवी खूण हाती येईपर्यंत हात जोडून बसायचं कारण नाही. गाय विण्याची जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवावी. वासरू लावण्यापूर्वी कास आणि सड धुवावेत. वासरांची गव्हाण उंच असावी, म्हणजे शेण त्यात उडणार नाही. ज्या कुरणात वासरं चरतात तिथं ताजं शेण टाकू नये. ज्या गाईची शंका आहे तिचा चीक वासराला न देता दुसऱ्या निरोगी गाईचा द्यावा. जनावर विकत घेताना दुधाबरोबर त्याच्या आईची आणि त्या गोठ्याची चौकशी करावी. मथुरेजवळच्या मखदूम इथल्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेनं देशी वाणाच्या जंतूपासून लसही तयार केली आहे. लसीनं रोग समूळ जात नाही, पण शेणातून पडणारा जंतू कमी होतो.

तपासणीसाठी पुण्यात रोग अन्वेषण विभाग आहे. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून उभं आहे, आणि २००० साली स्थापन झालेलं पशुविद्यापीठही नागपूरलाच आहे. गोंदियाहून गाडीनं दोन-अडीच तासांवर. म्हणजे विद्येचं घर दूर नाही. दूर आहे ते गावातल्या गोठ्यापासून तिथपर्यंतचं अंतर, आणि ‘आजारी निघाली तर पुढं काय?’ या प्रश्नाचं उत्तर. खूण सापडली तरी, जिच्या अंगी ती खूण निघाली त्या गाईच्या धन्याला आधार कोण देणार, हे ठरलं नाही तर नमुना द्यायला पुढं येणार कोण? परीक्षा घ्यायची आणि नापासाला वाऱ्यावर सोडायचं, हे आम्हां मास्तर मंडळींनाही शोभत नाही. मग सरकारला कसं शोभेल?

दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी प्रत्येकाच्या दुधाचा चमचाभर नमुना घेतात आणि त्यातलं फॅट पाहून भाव ठरवतात. शेतकरी रांगेत उभा असतो, आकडा उजळतो, चिठ्ठी हाती पडते. त्याच चमचाभर दुधातून, वासरू अजून आईच्या पोटात असतानाच, ‘हिला जपा’ किंवा ‘हिच्या वासराला जपा’ एवढं सांगणारी खूण ज्या दिवशी वाचता येईल, आणि ती वाचल्यावर त्या शेतकऱ्याला गाय चोरून बाजारात न्यावी लागणार नाही, त्या दिवसाच्या वसुबारसेला निरांजन ओवाळताना वहिनींचा हात निश्चिंत असेल.